चित्रातली खोली

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, तुला हे कसं माहीत?" तिच्या कॉलेजात जुन्या युरोपियन चित्रांवर तास झाला होता. ती सांगत होती की मध्ययुगातल्या चित्रकारांना नीट काढता येत नव्हतं, मग पुढच्यांनी युक्ती शोधली आणि चित्रं सुधारली. मी पटकन म्हणून गेले, "तसं नाही गं. त्यांना काढायचंच वेगळं होतं." त्यावर तो प्रश्न आला. फोनवर उत्तर देण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते आहे. क्रमाने सांगते. अडेल तिथे तुमच्या आईला विचारा. तिलाही यातलं थोडं आठवत असेल, कारण या हकिकतीत एके ठिकाणी ती माझ्यापेक्षा बरी वागली होती.

साल एकोणऐंशी किंवा ऐंशी. आम्ही बहरीनला गुदैबियात राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे तिथलं किराण्याचं दुकान. तुमचे आजोबा इंजिनिअर होते, सकाळी साडेसहाला घर सोडायचे. तुमची आई नऊ वर्षांची, शाळेच्या बसने जायची. साडेसात वाजता घर आवरून झालेलं असायचं आणि माझ्यापुढे अख्खा दिवस पडलेला. मी पुण्याला इंग्रजी घेऊन बीए झालेली. पण बीएच्या इंग्रजीचा तिथे उपयोग म्हणजे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचणं. एकदा वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: युरोपातील चित्रकला, दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा, स्लाइड्ससह. पत्ता उम्म अल हस्समचा. मी नाव नोंदवलं. चित्रांची आवड होती म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर मंगळवार भरावा म्हणून.

शिकवणाऱ्या बाई इंग्रज होत्या. इंग्लंडात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पडदे ओढून भिंतीवर पांढरी चादर लावलेली असायची, आणि दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. डावीकडे जुनं चित्र, उजवीकडे त्यानंतरचं. दमट हवेने स्लाइड्सच्या पुठ्ठ्याच्या चौकटी फुगायच्या आणि प्रोजेक्टरमध्ये अडकायच्या. मग बाई केसातली पिन काढून स्लाइड उचकटायच्या आणि तेवढ्या वेळात आम्ही सात-आठ जणी अंधारात वह्या चाचपडत बसायचो.

पहिल्या दिवशी डावीकडे एक आई आणि मूल होतं. मागे सगळं सोनं. आकाश नाही, भिंत नाही, झाड नाही. पत्र्यासारखं सपाट सोनं. आई एवढी मोठी की तिच्या दोन्ही बाजूंचे देवदूत तिच्या गुडघ्याएवढे, आणि ते एकावर एक रचल्यासारखे उभे. मांडीवरचं मूल मुलासारखं नव्हतंच. लहान केलेला बाप्या वाटत होता, कपाळ मोठं, चेहरा पोक्त. उजवीकडेही आई आणि मूलच होतं, पण दोनशे वर्षांनंतरचं. मूल गुबगुबीत, आईच्या गळ्यातल्या माळेशी खेळणारं. मागे खिडकी, खिडकीतून नदी, नदीपलीकडे डोंगर, आणि जितका डोंगर लांब तितका निळा.

मला टिपणं काढायची सवय होती. पानाच्या मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले. डावीकडे मथळा दिला 'चुका', उजवीकडे 'दुरुस्त्या'. मग दर मंगळवारी ते रकाने भरत गेले. डावीकडे: महत्त्वाचा माणूस मोठा, बाकीचे लहान. उजवीकडे: जवळचा मोठा, लांबचा लहान. डावीकडे: कपड्यांच्या चुण्या म्हणजे सोन्याच्या रेघा, आत अंग असल्याचा पत्ता नाही. उजवीकडे: एका भित्तिचित्रकाराने प्रथम माणसांना वजन दिलं, बसलेला माणूस खरंच बसलेला वाटू लागला, रडणाऱ्याचा चेहरा रडका झाला. डावीकडे: ज्याने चित्रासाठी दान दिलं तो व्यापारी संताच्या पायाशी उंदराएवढा. उजवीकडे: तोच व्यापारी संताच्या बरोबरीने, संताएवढाच. हे वाचून तुमचे आजोबा म्हणाले होते, "देणगीदार तेव्हाही वाढतच गेले म्हणायचे!"

आणि सगळ्यात मोठी दुरुस्ती, जिच्याखाली मी दोन रेघा मारल्या. फ्लॉरेन्समधल्या एका वास्तुकाराने सिद्ध केलं की जमिनीवरच्या फरशीच्या रेघा, भिंतींच्या कडा, छताच्या तुळया, या सगळ्या समोर एकाच बिंदूकडे जातात, आणि तो बिंदू बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतो. ते कळल्यावर चित्रकारांनी काय काढावं? खोल्या! फरशी घातलेल्या, खांबांच्या, कमानींच्या. बाईंनी एका चर्चच्या भिंतीवरचं चित्र दाखवलं. ते पाहून लोकांना म्हणे भिंत फोडून आत आणखी एक देऊळ काढल्यासारखं वाटलं.

एका मंगळवारी बाई चहाचे कप ठेवताना माझ्या वहीवर वाकल्या. मथळे वाचून मोठ्याने हसल्या.

"चुका? कोणाच्या?"

"जुन्या चित्रकारांच्या," मी म्हणाले.

"या माणसाला," त्यांनी चादरीवरच्या सोनेरी चित्राकडे कप दाखवला, "खोली काढता येत नव्हती असं तुम्हाला वाटतं? त्याला ती नको होती. सोन्याच्या मागे काही नसतं. तिथे जागा नाही आणि वेळही नाही. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे ते जवळच हवं. त्याला जे हवं होतं, ते त्याने अगदी बरोबर काढलंय."

मी मान डोलावली, पण मथळे बदलले नाहीत. शाईने लिहिले होते, आणि मला ते पटलंही नव्हतं. मे संपला, उन्हाळा तापला आणि बाई रिवाजाप्रमाणे सप्टेंबरअखेरपर्यंत इंग्लंडला गेल्या. वर्ग बंद झाला.

आता दुसऱ्या माणसाबद्दल सांगते. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका हॉलमध्ये बसायचा, पाच दिवस. मूर्ती मुंबईहून विमानाने यायची. मूर्तीमागचा देखावा दर वर्षी एकच गृहस्थ रंगवायचे. सगळे त्यांना पेंटर म्हणत. चाळिशी उलटलेले, मालवणकडचे, मनामात पाट्या रंगवणाऱ्या दुकानात कामाला. सलून, शिंपी, कोल्ड स्टोअर, अर्ध्या गुदैबियाच्या पाट्या त्यांच्या हातच्या. अरबी त्यांना वाचता येत नसे, पण कागदावर लिहून दिलेली अक्षरं उजवीकडून डावीकडे अशी काढत की अरब गिऱ्हाईक खूश होऊन जाई. त्यांचे वडील गावी गणपतीच्या मूर्ती करायचे. त्यांचे आजोबाही करायचे. मुलाने शाडूची माती सोडून ब्रश धरला आणि परदेशात दुकानांची नावं लिहायला गेला, हे वडिलांना रुचलं नव्हतं. "देव करुचे सोडून दुकानां करतंस," असं ते दर सुट्टीत ऐकवत.

हे पेंटरनी स्वतःच मला सांगितलं, कारण त्या वर्षी सजावटीचं काम माझ्याकडे आलं होतं. मी चित्रांचा क्लास करते हे मंडळात कळलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, यंदा जरा मॉडर्न होऊ दे." आणि पेंटर म्हणाले, "वहिनी, यंदा बरो कायतरी करूया. रंगीत फोटो काढून बाबांका धाडूचो आसा. एकदा तेंच्या नजरेक पडूक होयो. आता तेंची नजर पण ऱ्हवली नाय फारशी."

तर त्या वर्षीचं काम हे असं होतं. एक चित्र, आणि ते एका म्हाताऱ्या मूर्तिकाराला पसंत पडायला हवं होतं.

मी वही घेऊन बसले. आदल्या वर्षीचा देखावा मला आठवत होता: निळा डोंगर, त्यावर शंकर-पार्वती, बाजूला नंदी, सगळे समोर बघणारे, शंकर सगळ्यात मोठा. माझ्या डाव्या रकान्यातलं एकूण एक कलम त्यात होतं. मी शिक्षिकेच्या थाटात म्हणाले, "पेंटर, तुमच्या चित्रात सगळं छान असतं, पण खोली नसते. यंदा चित्रात खोली हवी."

"खोली?"

"हो. खोली आणा म्हणजे चित्र जिवंत होईल."

पेंटर विचारात पडले, पण "मफी मुश्किल", काही अडचण नाही, असं तिकडच्या अरबीत म्हणाले आणि गेले. पुढच्या शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर कच्चं चित्र काढून घेऊन आले. मी पाहिलं आणि पाहतच राहिले. त्यांनी खरोखरची खोली काढली होती. दोन खिडक्या, पडदे, कोपऱ्यात पलंग, वर पंखा.

"हे काय?"

"तुमी सांगलास मां, खोली होयी म्हणान? पंखो पण लावलंय. देवाक उकडता नाय, हंयच्या गरमीत?"

तुमचे आजोबा पेपरमागे लपून हसत होते. मी पेंटरना समजावू लागले की मला खोली म्हणजे राहायची खोली म्हणायचं नव्हतं, खोल असतं ती खोली, विहिरीची असते तशी. बोलता बोलता मीच थांबले. बाईंच्या चादरीवर काय पाहिलं होतं मी? ज्यांना चित्रात खोली आणायची होती, त्यांनी आधी खोलीच तर काढली होती! फरशी, खांब, छत. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे हे मला इतकी वर्षं बोलून कळलं नव्हतं, ते पेंटरच्या पंख्याने कळवलं.

"पेंटर, खोलीच काढू या," मी म्हणाले. "फक्त पलंग काढून टाका. कैलासावरचा दरबार करू."

मग मी त्यांना वहीतला नियम सांगितला. एक बिंदू, सगळ्या रेघा तिकडे जाणाऱ्या. इंग्रजीत शिकलेलं मराठीत सांगताना माझी तारांबळ उडत होती, पण त्यांना पाच मिनिटं लागली नाहीत. मंडळाने प्लायवुडचे तीन उभे तक्ते आणून हॉलच्या मागच्या पडवीत जोडून ठेवले होते. पेंटरनी मधल्या तक्त्यात, जिथे दरबाराचं दूरचं टोक येणार तिथे खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, दोरीला निळ्या खडूची पूड चोळली. दुसरं टोक तक्त्याच्या खालच्या कडेला ताणून धरलं आणि दोरी उचलून सोडली. टप्प! एक सरळ निळी रेघ. मग शेजारी दुसरी. पाट्यांवरची अक्षरं एका ओळीत बसवायला ते रोज हेच करत असत. फक्त त्यांच्या रेघा समांतर असत, आणि या साऱ्या एका खिळ्याकडे चालल्या होत्या. दहा-बारा रेघा झाल्यावर ते मागे सरले आणि म्हणाले, "आयशप्पथ, वहिनी. जमीन झाली."

तीन आठवडे दर शुक्रवारी सकाळी ते काम चाललं. काळी-पांढरी फरशी, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, पुढे दोन भालदार आणि नंदी, आणि थेट मागच्या टोकाला सिंहासनावर शंकर-पार्वती. नियमाप्रमाणे सगळं. भालदार जवळ म्हणून पुरुषभर उंच, शंकर लांब म्हणून वीतभर. मला ते चित्र फार आवडलं. पेंटर तर येता-जाता मान वाकडी करून बघत आणि स्वतःशीच हसत.

चतुर्थीला पाच दिवस उरले असताना मंडळी चित्र बघायला आली. सेक्रेटरी, समितीतले तिघे-चौघे आणि सेक्रेटरींच्या आई. त्या मुलाकडे दोन महिने राहायला आल्या होत्या, सगळे त्यांना काकू म्हणत. काकूंना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा पुसला, चित्राकडे पाहिलं, आणि बराच वेळ शोधत राहिल्या.

"शंकर कुठाय रे?"

"तो काय आई, मागे."

"अगबाई. एवढासा? आणि हा भाला घेतलेला एवढा थोरला? नोकर केवढा आणि धनी केवढा!"

कोणीतरी हसलं. सेक्रेटरींचा चेहरा पडला. "हो ना. लोक पाया पडणार कुणाच्या, भालदाराच्या? देव लांब गेला हो सगळा." मग ते पेंटरकडे वळले. "पेंटर, अहो, इतकी वर्षं चांगलं करत होतात. हे काय डोक्यात आलं? पाट्या रंगवून रंगवून देव कसा काढतात ते विसरलात?"

पेंटर हातातला ब्रश फडक्याने पुसत राहिले. एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली. "वहिनींनी सांगितलं" एवढे दोन शब्द त्यांना पुरले असते. ते त्यांनी उच्चारले नाहीत.

मीही उच्चारले नाहीत.

तुमची आई माझा हात धरून उभी होती. तिने मोठ्याने म्हटलं, "बट मम्मी, इट्स करेक्ट! यू सेड सो!" मी तिचा हात दाबला आणि म्हणाले, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये." सेक्रेटरींनी जाहीर केलं की तक्ते तिथेच राहू द्यावेत आणि मूर्तीमागे मंडळाचा जुना लाल मखमली पडदा लावावा. खलास. मंडळी चहाला गेली.

घरी आल्यावर मी वही काढली. का काढली सांगता येत नाही; बहुधा माझं बरोबर होतं याचा पुरावा हवा होता. पहिलंच पान. 'चुका: महत्त्वाचा माणूस मोठा.' आणि मला काकूंचा चष्मा पुसणारा हात दिसला. त्या बिचाऱ्या चित्र बघायला आल्याच नव्हत्या. देव बघायला आल्या होत्या, आणि मी तो दरबाराच्या पार टोकाला पाठवला होता. बाई म्हणाल्या होत्या ते हेच. सोनं लावून चित्र बंद करणारा तो जुना चित्रकार अडाणी नव्हता. त्याच्यासमोरही काकूच बसलेल्या होत्या. त्याने देवाला मागे जाऊच दिलं नाही. पुढच्यांनी भिंत फोडून खिडकी केली, खिडकीतून नदी दिसली, डोंगर दिसला, माणूस दिसला, फार मोठी गोष्ट झाली ती. पण खिडकी केली की जे भिंतीला टेकून होतं ते लांब जाणारच. एक मिळालं, एक गेलं. याला चुका आणि दुरुस्त्या म्हणता येत नाही.

हे सगळं कळलं तरी त्याचा पेंटरना काय उपयोग होता? त्यांचा फोटो मखमली पडद्यामागे गेला होता, आणि मी तोंड मिटून उभी होते.

दुसऱ्या दिवशी आजोबा ऑफिसातून आल्यावर मी त्यांना म्हटलं, मला हॉलवर सोडा. पेंटर कामावरून सुटून तिथे आलेच होते. मला वाटलं होतं ते तक्ते सुटे करत असतील. ते चित्रासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते.

"पेंटर, चूक माझी होती. आणि काल मी बोलायला हवं होतं."

"चूक नाय ओ वहिनी." त्यांनी मला हाताने खाली बसायची खूण केली. "माका एक सांगा. ह्यां चित्र कोणी बघूचां? उभ्यान की बसान?"

"म्हणजे?"

"खिळो मी उभ्या माणसाच्या डोळ्याक धरून मारलंय. पण बायको-पोरां जमनीर बसतली. काकू खुर्चेर. हंयसून बघलास तर फरशी चढणीसारखी दिसता."

मी बसले. खरंच, फरशी अंगावर येत होती. सहा महिन्यांच्या वर्गात माझ्या मनात आलं नव्हतं ते या माणसाने जमिनीवर बसून पकडलं होतं: ते नवं चित्र एकाच जागेवरून बघायचं असतं, एकाच डोळ्याने. सोनेरी आई कुठूनही दिसते. फरशीच्या चित्रात मात्र बघणाऱ्याला जागा नेमून दिलेली असते.

"मगे मी विचार केलंय," पेंटर म्हणाले, "ह्या चित्रात शंकर होयोच कित्याक? देव येतलोच आसा मां मुंबैसून? मूर्त हंय बसतली, ह्या चित्राच्या फुडे. खिळो खाली घेवया, मूर्तीच्या तोंडाच्या मागे. सगळ्यो रेघो तेच्याकडे. देव लांब नाय, देव हंयच. लांब गेलो तर दरबार जाईत, तेच्या पाठसून."

नियम तोच राहिला होता आणि काकूंचा देवही जवळ आला होता.

उठले आणि थेट सेक्रेटरींच्या घरी गेले. समितीतले दोघे तिथेच होते, काकूही. मी उभ्याउभ्याच सांगितलं की कालचं चित्र माझ्या सांगण्यावरून झालं, शंकर लहान काढा असं मीच म्हटलं होतं, पेंटरना जे बोललं गेलं ते मला बोलायला हवं होतं.

"मग काल का नाही बोललात?" सेक्रेटरींनी विचारलं. रागाने नाही, पण विचारलं.

"हसतील म्हणून."

काकू म्हणाल्या, "मग आज हसतो की. बस गं, चहा घे."

चार दिवस मिळाले. खिळा खाली आला, जुनी जमीन पांढरी करून नव्याने दोरी मारली गेली, शंकर-पार्वती सिंहासनासकट पुसले गेले. भालदारांना खाली बसवलं; उभे राहिले असते तर पुन्हा थोरले झाले असते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मूर्ती चौरंगावर ठेवली. पेंटर मला काही न सांगता हॉलच्या मध्यावर जाऊन बसले. मीही बसले. खांब, फरशी, छत, सगळं त्या दोन फुटी मूर्तीच्या कपाळातून निघाल्यासारखं मागे पसरत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू आरतीला आल्या. मूर्तीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या, मग खाली बघून त्यांनी नऊवारीचा काठ किंचित उचलला आणि मागे वळून मुलाला म्हणाल्या, "अरे, तिथली, खांबांमधली फरशी कोरडी केलीय का? चकाकतेय. कोणी घसरेल."

पेंटर हॉलच्या दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते चपला शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकले होते.

फोटो तुमच्या आजोबांनी काढला. पेंटरनी त्यांना नेमक्या जागी बसवलं. आजोबा कुरकुरत होते, "अहो, गुडघे दुखतात, उभ्याने काढतो," आणि पेंटर म्हणत होते, "नाय साहेब, हंयच. हल्लास तर सगळो दरबार हलात." फोटोत पेंटर मूर्तीच्या बाजूला उभे आहेत, इस्त्रीचा शर्ट घालून. तो फोटो गावी गेला.

उत्तर यायला दीड महिना लागला. आजोबा दुसऱ्या दिवशी सुट्टीवर भारतात निघणार होते. ते मुंबईहून टपालात टाकतील म्हणून पेंटर आपलं पत्र द्यायला शुक्रवारी आमच्याकडे आले. आधी त्यांनी वडिलांचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. शेजारच्या शिक्षकाकडून लिहून घेतलेलं, शुद्ध मराठीत. मूर्तीबद्दल सविस्तर होतं: सोंडेचं वळण बरं आहे, डोळे मुंबईवाल्यांनी नेहमीप्रमाणे मोठे केले आहेत, हात जड झाले आहेत. शेवटी दोन ओळी होत्या. 'तुमच्या मंडळाचा हॉल फार मोठा व उंची दिसतो. खांबही चांगले आहेत. पण तू तिथे काय काम केलेस ते फोटोत कळले नाही, ते लिहावे.'

मी वाचून मान वर केली.

"बाबांका हॉल वाटलो," पेंटर म्हणाले. हसत होते की काय ते सांगता येत नव्हतं. "साठ वर्सां मूर्ती करतत. तेंका खांब खरे वाटले."

मग त्यांनी आपलं पत्र उलगडलं आणि माझ्याकडे पेन मागितलं. "वहिनी, ह्या रेघांच्या कामाक मराठीत काय म्हणतत?"

मला माहीत नव्हतं. इंग्रजी शब्द माहीत होता. मी तसं सांगितलं.

"ऱ्हावांदे. मी लिवतंय." त्यांचं अक्षर पाटीवरच्यासारखं होतं, एकेक वळणदार, शिरोरेघ आखल्यासारखी. वडिलांसाठी त्यांनी ते ठळक आणि मोठं काढलं होतं. खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं: 'बाबा, ते खांब खोटे आहेत.' लिहून ते त्या ओळीकडे बघत राहिले. चहा निवला. मग त्यांनी 'खोटे' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, आणि तिच्या वर, तितक्याच ठळक अक्षरात लिहिलं: 'मी काढलेले'.